भेटीस नकार

९ जानेवारी

वन्सं,

तुमचं पार्सल मिळालं. स्वेटर परत पाठवते आहे. टिटवीला तो झालाही नसता. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता अकरावं सरत आलंय. दोन वर्षांत पोरी वाढतात हे तुमच्या वॉर्डात कुणी शिकवलं नसावं.

फोन करू नका. तुमचा नंबर दिसला की मी तो वाजू देते आणि भिंतीकडे बघत बसते. लिहायचं असेल तर लिहा. कागद वाचायचा की नाही हे निदान माझ्या हातात राहतं.

आता कामाचं. तुरुंगाच्या कचेरीतून कागद आलाय. तुमच्या भावाला तिथल्या तुरुंगात हलवून पाच महिने झाले, तरी त्याचं भेटपुस्तक उघडलेलं नाही, कारण त्यावर त्याच शहरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ती नसेल तर त्याला कुणी भेटू शकत नाही आणि तो आजारी पडला तर कुणाला कळवतही नाहीत. त्या शहरात त्याचं जवळचं माणूस एकच आहे, आणि त्याच माणसाने पिंजऱ्यात उभं राहून साक्ष दिली आणि त्याला पाच वर्षं आत घातलं. तुमच्या गॅलरीतून तुरुंगाची भिंत दिसते. सकाळचा चहा घेताना बघत असालच. एवढ्या जवळ आहात तर सही करून या. याहून जास्त काही मागत नाही.

टिटवीचे बाबा मालवाहू जहाजावर औषधं सांभाळायच्या नोकरीला आहेत, असं तिला माहीत आहे. तिला परस्पर पत्र पाठवलंत तर फाडून टाकीन.

तुमच्या भावाची बायको


१७ जानेवारी

भावाच्या बायकोस,

सही केली. तीन फेऱ्या पडल्या. तुझ्यासाठी केली नाही. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळला, केसपेपरवरचा एक रकाना रिकामा राहिला तरी मला जेवण जात नसे. सवय जात नाही, एवढंच.

खिडकी इतकी बुटकी आहे की आतल्या माणसाशी बोलायला कमरेत वाकावं लागतं. मुद्दामच केली असणार. आतला कारकून समोर कुणी आलं की आधी बाटलीतलं पाणी पितो, मग झाकण लावतो, मग वर बघतो. आणि रांगेतल्या लोकांबद्दल काय सांगू. अर्ध्यांना फॉर्म वाचता येत नाही, उरलेल्यांना वाचता येतो पण कळत नाही. एक बाई एका पोराला पाजत होती आणि दुसऱ्याला धपाटे घालत होती, दोन्ही एकाच वेळी. माझ्यामागचा म्हातारा गवंडी तासभर माझ्या मानेवर खोकला. अशा लोकांत मी उभी होते. आमच्या हॉस्पिटलातली जुनी आया समोरून गेली तेव्हा मी फॉर्म तोंडापुढे धरला. हे तुला मुद्दाम कळवते, म्हणजे तुला बरं वाटेल.

भेटपुस्तक उघडलं तेव्हा म्हटलं, आलोच आहोत तर बघून घ्यावं. वीस मिनिटांनी आतून चिठ्ठी आली. तिच्यावर निळा शिक्का: 'कैदी भेटीस नकार देत आहे.' हाताने लिहिलेलं नव्हतं, शिक्का होता. म्हणजे असा नकार मिळणारी मी काही पहिली नव्हे.

साक्षीचा मला पश्चात्ताप नाही. तुझा नवरा हॉस्पिटलच्या औषधांच्या स्टोअरचा प्रमुख. ताजी इंजेक्शनं बाहेर विकायची, मुदत संपलेल्या कुप्यांवर नव्या तारखेची लेबलं चिकटवायची आणि त्या आम्हाला वर वॉर्डात पाठवायच्या, हे त्याने वर्षभर केलं. मी पकडलं नसतं तर आजही करत असता. तू त्याला 'तुमचा भाऊ' म्हणतेस. मी त्याला 'तुझा नवरा' म्हणते. बिचाऱ्याला कुणी वालीच उरलेला दिसत नाही.

जहाजाचं तुझं तू बघ. पण जहाज कधीतरी बंदराला लागतं. तेव्हा काय सांगणार आहेस?

तुझी नणंद, कागदोपत्री


२ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्हाला नकार मिळाला हे वाचून खरंच बरं वाटलं. आठवडाभर बरं वाटत होतं. दुकानात काचा घासतानाही आठवून हसू यायचं. मी इथे चष्म्याच्या दुकानात आहे, काचा घासून फ्रेमला बसवते. मालकिणीला माझ्याबद्दल एवढंच माहीत आहे की नवरा दर्यावर असतो. ती मला 'बिचारी' म्हणते. खरं कळलं तर काय म्हणेल ते मला ऐकायचं नाही.

इथेही तुमच्या त्या रांगेचा वास पोचला. मागच्या गुरुवारी 'तुमच्यासोबत' नावाच्या मंडळाच्या दोन बायका घरी आल्या. कैद्यांच्या कुटुंबांना आधार देतात म्हणे. माझा पत्ता त्यांना तुरुंगाने दिला, मला न विचारता. दोघींच्या खांद्याला सारख्याच पिशव्या, दोघींच्या चेहऱ्यावर सारखंच हसू. त्यांनी प्रश्नावली काढली. 'तुम्हाला शरम किती वाटते? एक ते पाच.' मी विचारलं, 'पाच म्हणजे जास्त की कमी?' दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

मी 'तीन' म्हणून सांगितलं. तीन लिहून घेतलं आणि मान हलवली, जणू मी बरं होण्याच्या मार्गाला लागले आहे. जाताना एक रंगीत पुस्तिका ठेवून गेल्या. मुखपृष्ठावर आई आणि मुलगी हसतायत आणि त्यांच्या शेजारी बापाच्या आकाराचं पांढरं भोक. टिटवी शाळेत होती म्हणून वाचले. पुस्तिका दुकानात नेऊन काचांच्या कपाटात सगळ्यात खाली घातली आहे.

पुन्हा भेटायला जाऊ नका. तो नाहीच म्हणेल.


५ मार्च

भावाच्या बायकोस,

पाच म्हणजे जास्त. मी विचारून घेतलं.

तुझं ते मंडळ बुधवारी फाटकापाशी आलं होतं. बुधवार भेटीचा वार आहे. मी दर बुधवारी जाते, तो दर बुधवारी नाही म्हणतो, असे सात शिक्के जमलेत. तू जाऊ नकोस म्हणालीस म्हणून जाते असं समज. तर मंडळाने कापडी फलक बांधला, रांगेतल्या बायकांना ब्लँकेटं दिली, फोटो काढले आणि ब्लँकेटं परत गोळा केली. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे फोटो काढायचे होते. त्यांच्या प्रमुख बाईंनी माझा हात हातात घेऊन, डोळे ओलसर करून विचारलं, 'आतून कसं वाटतंय?' मी म्हटलं, 'मी बाहेर आहे. आतून कसं वाटतं ते आतल्यांना विचारा.' तिने हात सोडला.

माझ्या मानेवर खोकणारा तो गवंडी आठवतो? त्याचा मुलगा आत आहे. म्हातारा दोन बुधवार परत गेला. का, तर फॉर्मवर 'कैद्याशी नाते' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'माझाच आहे.' कारकून म्हणाला, नातं लिहा. म्हाताऱ्याने पुन्हा तेच लिहिलं. कारकून पुन्हा पाणी प्यायला. तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही. मी खिडकीपाशी गेले आणि वाकलेच नाही. उभ्यानेच बोलत राहिले. त्याला फक्त माझं पोट दिसत होतं. शेवटी तोच वाकला, मान बाहेर काढून वर बघायला लागला. अशी मान काढून वर बघणारे शिकाऊ डॉक्टर मी चौतीस वर्षं बघत आले आहे. दोन मिनिटांत म्हातारा आत गेला.

त्यानंतर लोक माझ्याभोवती जमायला लागले, हे त्याचं फळ. आता मी घडीचं स्टूल आणि चार पेनं घेऊन जाते. मला दया आली असं समजू नकोस. त्यांची अक्षरं बघवत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. त्या पाजणाऱ्या बाईने थोरल्या पोराला सांगितलंय की बाबा आत स्वयंपाकी आहेत. पोरगं रांगेत सगळ्यांना अभिमानाने सांगत होतं, 'माझे बाबा चोरांसाठी जेवण बनवतात.' रांग हसली. ते पोरगं का हसले म्हणून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतं. मग त्याने आईकडे पाहिलं. ती नजर मी तुला सांगणार नाही. तू टिटवीला सांगून टाक.

नणंद


२४ मार्च

वन्सं,

तुम्हाला मूल नाही. रांगेतल्या परक्या पोराची नजर बघून तुम्ही मला आई कसं व्हावं ते शिकवता. तुमचं पत्र आलं तेव्हा ते मी चुलीत घालायच्या तयारीत होते. पण उशीर झालाच होता, तोही तुमच्यामुळेच.

वर्गातल्या एका मुलीने टिटवीला जुन्या बातमीचा फोटो दाखवला. तुमच्या भावाचा चेहरा आणि खाली तुमचं वाक्य: 'साक्षीदार परिचारिका म्हणाल्या की त्यांनी स्वतःच्या भावाची गय केली नाही.' काय थाट आहे वाक्याचा.

ती घरी आली. दप्तर ठेवलं, हात धुतले आणि मला विचारलं, 'बाबांचं जहाज किती मोठं आहे?' मी सांगितलं. दोन वर्षांत मी त्या जहाजाचे मजले, भोंगा, खलाशांच्या खोल्या, सगळं बांधून ठेवलं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आई, तू खूप छान खोटं बोलतेस.'

त्याला आज बारा दिवस झाले. जिच्या बडबडीवरून आम्ही तिला टिटवी म्हणायला लागलो ती पोरगी माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. ताट घेते, ताट धुते, शाळेत जाते. काल माझ्या उशीवर चिठ्ठी होती: 'मला बाबांना बघायचं आहे. आत्या नेईल.' तुम्हाला विचारायचं तिच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. तुमचा फोटोसुद्धा घरात नाही.

मी तिला गाडीत बसवून देते. तुम्ही उतरवून घ्या, भेट घडवा आणि परत पाठवा. मी येणार नाही. त्या फाटकाशी मी येऊ शकत नाही. कारण विचारू नका.


३० मार्च

भावाच्या बायकोस,

कारण विचारत नाही, कारण ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

तुझा नवरा लहानपणापासून धसमुसळा. वहीला कव्हर घालायचा तर चुरगाळून ठेवायचा. त्याने चिकटवलेलं पोस्टाचं तिकीट मी आयुष्यात एकदाही सरळ पाहिलं नाही. माझ्या ट्रेमध्ये आलेल्या कुप्यांवरची लेबलं मात्र एकूण एक सरळ होती. कोपरे गोल कापलेले, कुठे फुगा नाही, गोंद बाहेर आलेला नाही. तुमच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांवर अशीच लेबलं होती. मी तुमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा बघायचे आणि मनात म्हणायचे, पोरीचा हात काय सुरेख आहे.

कोर्टात वकिलाने मला विचारलं, 'हे काम एकट्या माणसाचं असू शकतं का?' मी म्हटलं, 'हो.' सगळ्या साक्षीत तेवढं एक खोटं.

तुझी कीव आली म्हणून बोलले असं वाटून घेऊ नकोस. मला तेव्हाही तुझा तिटकारा होता. हिशोब सरळ होता: दोघंही आत गेलात तर मुलगी माझ्याकडे येणार. मला मूल नको होतं. कधीच नको होतं. म्हणून मी तुला बाहेर ठेवलं. आणि तू दोन वर्षं मला फितूर म्हणतेस, स्वेटर परत पाठवतेस, आणि मी ऐकून घेते, कारण उत्तर दिलं असतं तर ते सांगावं लागलं असतं.

आता नऊ नंबरबद्दल. तुम्ही दोघांनी तिला कधी पाहिलं नाही. नऊ नंबरच्या खाटेवर एका शाळेच्या वाचनालयात काम करणारी बाई होती. साधं ऑपरेशन. चार दिवस ताप उतरेना. आम्ही इंजेक्शनामागून इंजेक्शन देत होतो आणि त्यांत औषध म्हणून काही उरलेलंच नव्हतं. पाचव्या दिवशी गेली. कोर्ट म्हणालं, इंजेक्शनांमुळेच गेली हे सिद्ध होत नाही. कोर्टाला तिच्या कपाळाला हात लावावा लागला नव्हता.

मुलीला मी फाटकापर्यंत नेऊ शकते. पण तिला बापाबद्दल निम्मंच खरं कळलंय. उरलेलं निम्मं तुझं आहे. ते मी सांगणार नाही. ती आली तर तुझ्याबरोबर येईल.

नणंद


१९ एप्रिल

वन्सं,

तीन आठवडे मी हे पत्र लिहायला घेत होते आणि टाकून देत होते. मी तुम्हाला जे जे म्हटलं त्यातलं काही मागे घेत नाही. तुम्ही तुसड्या आहात. तुमच्या घरात आलेल्या माणसाला चप्पल सरळ रेषेत काढावी लागते. पण मी तुमच्याहून खालच्या पायरीवर आहे आणि तिथून तुमच्यावर थुंकत होते, हे मला कळत होतं.

त्याने पहिल्यांदा कुप्या घरी आणल्या तेव्हा मी विचारलं होतं. तो म्हणाला, 'तारीखच तर बदलायची आहे. औषध थोडंच तारीख वाचतं.' आणि मी हसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी हसले होते. मग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बसले चिकटवत. काम चांगलं जमत होतं म्हणून मला आवडतही होतं. पकडला गेला तेव्हा त्याने माझं नाव घेतलं नाही. मला म्हणाला, 'पोरीला एक माणूस बाहेर लागेल.' मी तेवढ्यावर जगले आणि सगळा राग तुमच्यावर काढला. तो दुसऱ्या कुणावर काढायला गेले असते तर माझ्यावरच आला असता.

परवा टिटवीला सांगितलं. दुकान बंद झाल्यावर, काचा घासायच्या यंत्राशेजारी बसवून. नऊ नंबरच्या बाईचंही सांगितलं. तिने ऐकलं आणि महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, 'ते गोल कोपरे मी कापले होते ना?'

वन्सं, ती तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती. सारखी मधे मधे बोलत होती म्हणून मीच तिच्या हातात कात्री दिली. ती गप्प राहावी म्हणून. मला हे आठवतच नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण मी तिकडे बघत नव्हते.

नाही म्हणता आलं असतं. मी छान खोटं बोलते. 'हो' म्हटलं. तिने दोन्ही हातांचे पंजे उलटसुलट करून पाहिले आणि खिशात घातले.

आम्ही दोघी येतोय. मंगळवारी पोचू. तुमच्याकडे उतरू, कारण टिटवीने तसं सांगितलंय.


११ मे

वन्सं,

तीन दिवस तुमच्या घरी होतो आणि आपण दोघी 'मीठ द्या' आणि 'दार ओढून घे' एवढंच बोललो. बुधवारी तुम्ही फाटकाबाहेर स्टुलावर बसून लोकांचे फॉर्म भरत होतात. आत काय झालं ते तुम्ही विचारलं नाही आणि मला तोंडाने सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

लांब टेबल आहे, मधे काच, खाली जाळी, तिच्यातून आवाज येतो. तो आला. गालफडं बसलीत, दाढी घाईत केलेली, हनुवटीला कापलेलं. टिटवीला कळलंय हे मी त्याला कळवलं नव्हतं. कळवायचं राहिलं असं म्हणणार होते, पण नाही, धीर झाला नाही. त्यामुळे तो बसला आणि सुरूच झाला. 'आमचं जहाज सध्या दुरुस्तीला आलंय, म्हणून कंपनीने या खोलीत भेटायला सांगितलं.' त्याच्या मागे पहारेकरी उभा. भिंतीवर पाटी: कैद्यांस वस्तू देऊ नयेत. आणि हा लाटा किती उंच असतात ते हाताने दाखवतोय. मला त्याची किळस आली. माझी त्याहून जास्त आली, कारण ते जहाज मीच बांधून त्याला पत्रातून पाठवलं होतं. पहारेकऱ्याने तोंड फिरवून घेतलं. तेवढी लाज त्या खोलीत त्यालाच होती.

टिटवीने थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, 'बाबा, पुरे. कोपरे मी कापले होते.'

तो म्हणाला, 'ते कागद वेगळे होते, बाळा. तू नव्हतीस.'

ती म्हणाली, 'आईने हो म्हटलंय.'

त्याने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं त्याने दातांखाली धरून ठेवलेली गोष्ट मी एका शब्दात घालवली होती. त्याने कपाळ टेबलाला टेकवलं आणि तसाच राहिला. त्याच्या डोक्याच्या मधोमध टक्कल पडलंय, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

टिटवी जाळीपाशी वाकून म्हणाली, 'आत्या बाहेर बसली आहे. तिला का भेटत नाहीस?'

तो टेबलाशीच बोलला. 'तिच्या तोंडाकडे बघवणार नाही.'

'मग नको बघूस. नुसता बस.'

मग घंटा झाली.

परतीच्या गाडीत तिने मला विचारलं, 'पोलीस मला विचारतील का?' मी म्हटलं, 'नाही, तू लहान होतीस.' 'तुला विचारलं होतं?' 'नाही.' 'का?'

वन्सं, मी पुढच्या सोमवारी वकिलाकडे जाते आहे, माझा जबाब द्यायला. चांगुलपणाचा उमाळा आला म्हणून नाही. त्या 'का'ला दुसरं उत्तर सापडलं नाही. वकील म्हणेल ते म्हणेल, पण बहुधा मला काही महिने आत जावं लागेल.

तुम्हाला मूल नको होतं, हे तुम्ही स्वच्छ लिहिलंत. तरी तुम्हालाच विचारते आहे. माझ्याकडे दुसरं माणूस नाही.


१६ मे

अगं,

मूल अजूनही नको आहे. टिटवीला पाठव.

शिवणाचं यंत्र आतल्या खोलीतून काढून गॅलरीत ठेवलंय, आत तिची खाट बसेल. शाळेच्या मुख्याध्यापिकेला भेटून आले. तिने 'अशा घरातल्या' मुलांबद्दल काहीतरी सुरू केलं, तेव्हा मी तिला 'अशा' म्हणजे कशा ते समजावून सांगायला सांगितलं. प्रवेश झाला.

वकिलाकडे एकटी जाऊ नकोस. मला माझं ते 'हो' परत घ्यायचं आहे. कोर्टात खोटं बोलले त्याबद्दल माझ्यावर काय करायचं ते करू देत. गय केली नाही म्हणून माझं वाक्य पेपरात छापून आलं होतं आणि मी ते दोन वर्षं मिरवलं. आपल्या तिघांत सगळ्यात स्वस्तात सुटलेली मीच आहे, आणि नाक सगळ्यात वर माझंच होतं.

सोमवारी सकाळच्या गाडीने येते. चप्पल कशीही काढ.


७ नोव्हेंबर

अगं,

हे पत्र तुझ्याआधी तुझ्या तुरुंगाच्या कचेरीतलं कुणीतरी वाचणार. वाचू दे. तुझ्या अकरा महिन्यांतले तीन सरले. मला कोर्टाने ताकीद देऊन सोडलं, वय पाहून म्हणे. माझं वय साक्ष देतानाही जवळजवळ एवढंच होतं, पण न्यायाधीशाला ते सुचलं नाही.

टिटवी ठीक आहे. गणितात बरी, झोपेत हातपाय झाडते, आंघोळीला अर्धा तास घेते. बोलते, पण पूर्वीसारखं नाही. कात्रीला हात लावत नाही. शाळेत कागदकाम असेल तेव्हा बाईंना सरळ सांगते, मी कापणार नाही. मी कारण लिहून दिलेलं नाही आणि बाईंना विचारूही दिलेलं नाही. हे जाईल की राहील, माहीत नाही.

मंडळाच्या प्रमुख बाई पुन्हा आल्या होत्या. त्यांना पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी मुलीचा फोटो हवा होता, चेहरा पाठमोरा, हातात फूल. मी त्यांना म्हटलं, फूल तुम्ही धरा, आणि जमलंच तर त्या गवंड्याला बुधवारी बसायला बाक आणून द्या. बाक आलेला नाही. कारकून मात्र हल्ली पाणी नंतर पितो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा बुधवारी नेहमीप्रमाणे चिठ्ठी पाठवली आणि शिक्क्याची वाट बघत बसले. शिक्का आला नाही. पहारेकरी आला आणि म्हणाला, चला.

तो आला, बसला. माझ्याकडे पाहिलं नाही. एवढ्या बुधवारांत त्याला सुनवायला मी काय काय जमवून ठेवलं होतं, ते सगळं तोंडाशी आलं आणि अगदीच फडतूस वाटलं. निम्मी भेट अशीच गेली. मग तो टेबलाकडे बघतच म्हणाला, 'ताई, ती बाई कशी होती?'

मला वाटलं, तुझ्याबद्दल विचारतोय. म्हटलं, 'कोण?'

'नऊ नंबर.'

अगं, खटला चालला, अपील झालं, वकील आले, पेपरवाले आले, मंडळ आलं. ती कशी मेली हे सगळ्यांनी विचारलं. ती कशी होती हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही. आणि मीही कुणाला आपण होऊन सांगितलं नव्हतं.

मी सांगायला लागले. की तिला हॉस्पिटलचा चहा आवडत नसे, पण टाकून द्यायला नको म्हणून शेजारच्या खाटेला द्यायची. की उशाशी पुस्तक असायचं आणि ताप चढला की मला पानाचा नंबर लक्षात ठेवायला सांगायची. की मला 'सिस्टर' न म्हणता 'अहो' म्हणायची, नवऱ्याला हाक मारावी तसं, आणि मग दोघी हसायचो. तो मान खाली घालून ऐकत होता. पहिले दोन दिवस सांगून होईतो घंटा झाली.

मी उठले. म्हटलं, 'अजून तीन दिवस राहिलेत. ते ऐकायला सोपे नाहीत.'

तो म्हणाला, 'पुढच्या बुधवारी येईन.'

तुझी,
वन्सं